बंदूक आणि न्याहारी

१९७२ साली एकाच नावाचे दोन उलटे प्रवास झाले. अमेरिकेत मार्व्हल कॉमिक्सने आपल्या कृष्णवर्णीय नायकाचं ‘ब्लॅक पँथर’ हे नाव काही काळापुरतं बाजूला ठेवलं आणि त्याला ‘ब्लॅक लेपर्ड’ केलं. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी जुलै १९६६च्या अंकात हा नायक आणला, तेव्हा त्याचा कुठल्या पक्षाशी संबंध नव्हता. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला आणि पाच-सहा वर्षांत ते नाव रस्त्यावरच्या माणसांचं झालं. मार्व्हलने ते खाली ठेवलं त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी ते उचललं. दलित पँथर उभी राहिली. १५ ऑगस्टच्या ‘साधना’त ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ छापून आला आणि महाराष्ट्र ढवळून निघाला.

म्हणून फेब्रुवारी २०१८मध्ये रायन कूगलर यांचा ‘ब्लॅक पँथर’ आला, तेव्हा मी तो नुसता सुपरहिरोपट म्हणून पाहू शकले नाही. मराठी माणसाच्या कानात ‘पँथर’ या शब्दाला वजन आहे. त्या वजनानिशी हा चित्रपट पाहिला की तो किती मोठा आहे ते कळतं, आणि तो नेमका कुठे कच खातो तेही कळतं. त्या कच खाण्याबद्दल मला बोलायचं आहे. पण आधी मोठेपणाबद्दल, कारण तो मी मनापासून मानते.

वाकांडा हा आफ्रिकेतला कल्पित देश. उल्केतून आलेला व्हायब्रेनियम नावाचा धातू त्याच्याकडे आहे, आणि त्याच्या जोरावर तो जगाच्या पुढे गेलेला आहे. पण जगापुढे त्याने गरीब शेतकरी देशाचं सोंग घेतलं आहे. गुलामांची जहाजं आली, वसाहतवाले आले, कोणालाही हा देश सापडला नाही. म्हणजे लुटली न गेलेली आफ्रिका. ही कल्पना कागदावर सोपी वाटते, पण ती पडद्यावर उभी करायला माणसं लागतात जी आफ्रिकेला एक देश समजत नाहीत. वेशभूषाकार रूथ कार्टर यांनी सीमेवरच्या टोळीला लेसोथोमधली घोंगडी दिली, राजमाता रामोंडाला झुलू विवाहित स्त्रियांच्या टोपीवरून बेतलेली टोपी दिली आणि ती थ्रीडी प्रिंटरवर घडवली. जुनं आणि पुढचं एकाच वस्तूत. संगीतकार लुडविग योरान्सन सेनेगलमध्ये जाऊन गायक बाबा माल यांच्यासोबत राहिले; राजाच्या पावलांना त्यांनी बोलणारा ढोल दिला आणि त्याच्या वैऱ्याला फुला लोकांची बासरी. कार्टर, योरान्सन आणि कलादिग्दर्शक हॅना बीचलर या तिघांनाही ऑस्कर मिळालं. कार्टर आणि बीचलर आपापल्या विभागात ते मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकन मिळालेला हा पहिला सुपरहिरोपट. सुमारे २० कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने जगभरात १३० कोटींहून जास्त मिळवले, तेही कृष्णवर्णीय नट असलेले सिनेमे परदेशात चालत नाहीत हे हॉलिवूडचं पाठ झालेलं गणित मोडून.

आणि भाषा. वाकांडाचे लोक आपसात खोसा बोलतात. राजा टी’चाकाचं काम करणारे दक्षिण आफ्रिकेचे नट जॉन कानी यांची ती मातृभाषा. त्यांच्यामुळे ती या पडद्यावर आली. टी’चाकाचा मुलगा आणि चित्रपटाचा नायक टी’चाला झालेला चॅडविक बोसमन उच्चारांवर अडून बसला होता. ज्या देशाला कोणी जिंकलंच नाही, त्याच्या राजाच्या तोंडी जेत्यांचे उच्चार का यावेत, असं त्याचं म्हणणं होतं. ज्यांच्या आजोबांनी इंग्रजी शिकताना मार खाल्ला आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. हा माणूस २०१६पासून आतड्याच्या कर्करोगाशी झुंजत होता आणि त्याने ते कळू दिलं नाही. ऑगस्ट २०२०मध्ये तो गेला तेव्हा जगाला कळलं. आता गादीसाठी तो धबधब्यात खेळतो त्या द्वंद्वाचा प्रसंग मला पूर्वीसारखा पाहवत नाही.

स्त्रियांबद्दलही बोललंच पाहिजे. दानाई गुरिराची सेनापती ओकोये, लुपिता न्योंगोची हेर नाकिया, लेटिशिया राइटची शास्त्रज्ञ शुरी. यांतली एकही नायकाने वाचवावं म्हणून तिथे नाही. उलट राजा पदोपदी यांच्या जिवावर उभा आहे. नवरा आणि देश यांत ओकोयेला निवड करावी लागते तेव्हा ती क्षणभरही अडखळत नाही, आणि कोणी तिच्याकडून स्पष्टीकरण मागत नाही.

मात्र या चित्रपटाचा जीव खलनायकात आहे.

एरिक स्टीव्हन्स, टोपणनाव किलमाँगर. त्याचा बाप वाकांडाचा राजपुत्र. हेर म्हणून अमेरिकेत आला, तिथल्या कृष्णवर्णीयांचे हाल पाहिले आणि वाकांडाची शस्त्रं त्यांना द्यायचं ठरवलं. म्हणून सख्ख्या भावाच्या, राजा टी’चाकाच्या, हातून मेला. मागे राहिलेल्या पोराला त्याच घरात टाकून राजा मायदेशी निघून गेला. जागा ओकलंड, साल १९९२. हे शहर आणि हे साल योगायोगाने आलेलं नाही. ओकलंड हे पँथरांचं गाव, दिग्दर्शक कूगलर यांचं जन्मगाव. आणि १९९२ हे रॉडनी किंगला मारहाण करणारे पोलीस सुटल्यावर लॉस एंजेलिस पेटलं ते वर्ष. कूगलर यांचा पहिला चित्रपट ‘फ्रूटवेल स्टेशन’ ओकलंडमध्येच नववर्षाच्या रात्री रेल्वे पोलिसाच्या गोळीने मेलेल्या ऑस्कर ग्रँटवर होता. त्यात ऑस्कर झालेला मायकल बी. जॉर्डन इथे एरिक झाला आहे. छायाचित्रणही दोन्हींचं रेचल मॉरिसन यांचं. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला एरिकचा चेहरा पहिल्याच दृश्यात वेगळा दिसतो. आधीच्या चित्रपटात फलाटावर पडलेलं पोर जणू उठून राजवाड्याच्या दारात जाब विचारायला आलं आहे.

त्याचा सवाल साधा आहे. जगभर आपली दोन अब्ज माणसं पिचली जात होती, तेव्हा तुम्ही कुठे होतात? तुमच्याकडे सगळं होतं.

राजसभेला याचं उत्तर देता येत नाही, कारण उत्तर नाही. सुटलेला अडकलेल्याचं काय देणं लागतो? हा आपलाही सवाल आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. समुद्रापलीकडची माणसं त्यांना आपली वाटली. १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं, तेही त्याच नात्याने. रक्ताचं नातं नव्हतं, भाषेचं नव्हतं, दुखण्याचं होतं. एरिकचं तर वाकांडाशी रक्ताचंही आहे, आणि तरी त्याला टाकलं गेलं.

मला विचाराल तर गेल्या वीस वर्षांच्या सगळ्या सुपरहिरोपटांतलं सर्वांत खोल दृश्य याच चित्रपटात आहे, आणि त्यात एकही ठोसा नाही. गादीवर बसणाऱ्याने पवित्र वनस्पतीचा रस प्यायचा, वाळूत पुरून घ्यायचं आणि पूर्वजांच्या लोकात जाऊन यायचं, अशी वाकांडाची रीत. टी’चाला जातो तेव्हा जांभळ्या आकाशाखाली माळ दिसतो, झाडावर काळे बिबळे बसलेले असतात, त्यांतला एक उतरून त्याचा बाप होतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे राजे तिथे आहेत. एरिक जातो तेव्हा तो पोहोचतो ओकलंडच्या त्याच खुराड्यात. जांभळं आकाश खिडकीबाहेर आहे, आत येत नाही. पूर्वज म्हणून एकटा बाप. बाप विचारतो, माझ्यासाठी रडला नाहीस? आणि पोर सांगतं की इथे माणसं मरतच असतात. राजाला पूर्वजांचं अख्खं रान आहे आणि याच्या वाट्याला एक खोली आली आहे. गुलामीने नेमकं काय हिरावलं, हे सांगायला ग्रंथ लागतात; कूगलर यांनी ते एका खिडकीत सांगितलं. टी’चाला नंतर पुन्हा त्या माळावर जातो तेव्हा बापाला आणि सगळ्या पूर्वजांना तोंडावर सांगतो की तुम्ही चुकलात. राजपुत्राने पूर्वजांना चूक म्हणणं ही आपल्या संस्कृतीत किती अवघड गोष्ट आहे, ते वेगळं सांगायला नको.

इतक्या उंचीवर नेलेला वाद चित्रपट पुढे काय करतो?

लंडनच्या संग्रहालयातलं दृश्य आठवा. एरिक काचेपलीकडच्या आफ्रिकी वस्तू न्याहाळतो आहे. तिथल्या बाईंना तो विचारतो की तुमच्या पूर्वजांनी या वस्तू दाम मोजून घेतल्या होत्या का. १८९७मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिनचा राजवाडा लुटून जी पितळी शिल्पं नेली, त्यांतली पुष्कळ आजही युरोपच्या संग्रहालयांत आहेत, त्यामुळे प्रश्न चोख आहे. आपल्यालाही तो परका नाही. २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली, ती तीन वर्षांच्या बोलीवर. ती अफजलखानाच्या वधाच्या वेळचीच का, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. पण इथून गेलेली वस्तू इथे परतीच्या तारखेसकट येते, हे पाहताना मला एरिक आठवला होता. तर, प्रश्न चोख. आणि पुढच्याच मिनिटाला त्या बाई विषाने कोसळतात, कारण त्यांच्या कॉफीत एरिकने ते घालायला लावलेलं असतं.

हा क्रम लक्षात घ्या, कारण तो चित्रपटभर आहे. एरिकने एक खरी गोष्ट बोलायची की पाठोपाठ एक प्रेत पडतं. त्याची सोबतीण वैऱ्याच्या तावडीत सापडते, तो तिच्यावरच गोळी झाडतो. गादीवर त्याचा हक्क खरा आहे, म्हणून लगेच तो वृद्ध पुरोहित झुरीला मारतो. राजा झाल्यावर पहिलं काम म्हणून तो वनस्पतींची बाग जाळायला लावतो आणि नकार देणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा गळा धरतो. या प्रसंगांची कथेला गरज नाही. गरज आहे ती प्रेक्षकाला. नाहीतर तो एरिकच्या बाजूला झुकेल, अशी धास्ती प्रत्येक वेळी जाणवते. माणूस बरोबर बोलत असेल आणि ते मान्य करणं परवडणार नसेल, तर त्याचं चारित्र्य काळं करा, हा डाव आपण आपल्या सार्वजनिक जीवनात पुष्कळदा पाहिला आहे. इतक्या हुशार चित्रपटाने तो खेळावा याचं मला दुःख होतं.

आता या चित्रपटाच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो लहान नाही. एरिकला मुक्ती नकोच आहे, साम्राज्य हवं आहे. सूर्य मावळणार नाही असं वाकांडाचं राज्य, ही भाषा तो उघड बोलतो. जुलमाविरुद्ध लढता लढता तो जुलमी झाला आहे, हत्यारं बदलली नाहीत, फक्त हात बदलले. हे खरं आहे आणि असं होतं. उतरंड तशीच ठेवून फक्त माणसं वरखाली करणं म्हणजे समता नव्हे, हे फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला पाठ असायला हवं. पण एरिकला हे शिकवलं कोणी? चित्रपटातच सांगितलं आहे. तो अमेरिकी सैन्यात होता, अफगाणिस्तान आणि इराकमध्ये मारत होता, सत्तापालटाच्या वेळी देश कसे खिळखिळे करायचे हे त्याला तिथे शिकवलं गेलं. ही माहिती देतो एव्हरेट रॉस, सीआयएचा माणूस. आणि शेवटच्या लढाईत पिचलेल्यांसाठी शस्त्रं घेऊन निघालेली विमानं पाडतो कोण, तर हाच रॉस. चित्रपट त्याला शूर, भला, वाकांडाचा मित्र ठरवतो.

इथे मला थांबावंसं वाटतं. काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा जानेवारी १९६१मध्ये मारले गेले. त्यांना विष घालायचा कट सीआयएने केला होता, हे अमेरिकी सिनेटच्याच समितीने १९७५मध्ये नोंदवलं आहे. ज्या चित्रपटाने लेसोथोच्या घोंगडीपर्यंत अभ्यास केला, त्याला हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. मग शिकवणाऱ्या संस्थेला माफी आणि शिकलेल्या पोराला मरण, हा न्याय कुठला?

पण माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे, आणि तो ओकलंडच्या खऱ्या पँथरांकडे पाहिल्यावर उमगतो. बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांवर पाळत ठेवायची, हे त्यांचं सुरुवातीचं काम. त्यावेळी ते कायदेशीर होतं; मे १९६७मध्ये ते सशस्त्र कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले आणि त्यानंतर कायदाच बदलला गेला. याच लोकांनी जानेवारी १९६९मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये शाळेत जाणाऱ्या पोरांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. ती शहराशहरांत पसरली. एफबीआयच्या प्रमुखांना बंदुकीइतकीच ती न्याहारीही सलत होती. त्याच वर्षी ४ डिसेंबरच्या पहाटे शिकागोत पोलिसांनी पँथर नेता फ्रेड हॅम्प्टनला बिछान्यात गोळ्या घातल्या. वय २१. तोही पोरांना न्याहारी वाढणाऱ्यांपैकी होता.

बंदूक आणि न्याहारी एकाच हातात होती. त्या दोन्हींचा उगम एकाच विचारात होता: आमच्या पोरांचं रक्षण आम्ही करू आणि आमच्या पोरांना आम्ही जेवू घालू. चित्रपटाने हा हात मधोमध चिरला. बंदूक एरिकला दिली आणि न्याहारी राजाला. मग बंदूकवाला खुनी निघाला, न्याहारीवाला थोर. शेवटी टी’चाला ओकलंडला येऊन इमारती विकत घेतो. नाकिया तिथे समाजकार्य बघणार, शुरी विज्ञान शिकवणार. हे चांगलंच आहे. मात्र सवाल होता हक्काचा आणि उत्तर आलं ते राजाच्या दयाबुद्धीतून. पँथर न्याहारी वाढत होते ती शेजारी म्हणून. वरून उतरलेल्या विमानातून ती आली नव्हती.

नाकिया हे या चित्रपटाने हातात घेऊन खाली ठेवलेलं सर्वांत मौल्यवान पात्र आहे. एरिक येण्याआधीपासून ती राजाला सांगते आहे की आपण दार उघडलं पाहिजे, मी बाहेर हाल पाहिले आहेत. आपली तिच्याशी पहिली भेट होते तीच मुळी ती नायजेरियात पळवून नेलेल्या बायकांमध्ये मिसळलेली असताना. म्हणजे एरिकचा प्रश्न तिचाही आहे, आणि तिला साम्राज्य नको आहे. या दोघांना एका खोलीत बसवून बोलतं केलं असतं तर? तो म्हणाला असता, तुझी मदत म्हणजे थेंब. ती म्हणाली असती, तुझी आग कोणाचं घर सोडणार नाही. असा समोरासमोरचा एकही वाद चित्रपटात नाही. कारण असा वाद झाला तर शेवटी मारामारी कशाला?

आणि मारामारी तर हवीच, हा या प्रकाराचा शाप. शेवटच्या अर्ध्या तासात मैदानात चिलखती गेंडे धावतात, आणि खाणीतल्या रेल्वेरुळांवर दोन काळे पोशाख एकमेकांवर आदळतात. संगणकाने काढलेली ती दोन शरीरं वजनच घेत नाहीत; कोण राजा, कोण एरिक, हे काही क्षण कळत नाही. ज्या नटांच्या डोळ्यांनी हा वाद इथवर आणला, त्यांचे चेहरे मुखवट्याखाली झाकले जातात, तेही वाद निर्णायक होण्याच्या क्षणी. धबधब्यातल्या पहिल्या द्वंद्वात पाणी होतं, दमछाक होती, कड्यांवरून ओरडणारी माणसं होती. तिथला घाव लागत होता.

(त्या पहिल्या द्वंद्वात डोंगरातल्या जबारी टोळीचा एम्बाकू आपल्या देवाचा जयजयकार करतो. त्याचा देव हनुमान. भारतात तो शब्द ऐकूच आला नाही. सेन्सॉरने तो गप्प केला. विन्स्टन ड्यूकचे ओठ हलले आणि पडदा मुका झाला. दूरच्या कोणी तरी आपल्या देवाचं नाव प्रेमाने, लढाईत बळ म्हणून घेतलं होतं, आणि आपण ते ऐकून घेण्याइतकेही मोकळे नव्हतो, याची मला खंत वाटली.)

एरिक मरतो ते दृश्य मात्र त्या लढाईनंतरही मनात राहतं. राजा त्याला वर आणतो, बापाने सांगितलेला वाकांडाचा सूर्यास्त दाखवतो, बरा करतो म्हणतो. एरिक नाही म्हणतो. गुलामांच्या जहाजांवरून ज्यांनी समुद्रात उड्या घेतल्या, त्या पूर्वजांपाशी मला टाका, असं तो सांगतो. माळावरच्या राजांमध्ये त्याला जागा नव्हती. त्याने मरताना आपले पूर्वज स्वतः निवडले. इथे चित्रपट त्याच्यापुढे मान तुकवतो. पण तो संपल्यावर.

हा सवाल कूगलर यांच्या मनातून गेला नसावा. बोसमनच्या मृत्यूनंतर २०२२मध्ये आलेल्या ‘वाकांडा फॉरएव्हर’मध्ये शुरी वनस्पतीचा रस पिऊन पूर्वजांच्या लोकात जाते. तिला आई भेटायची असते, भाऊ भेटायचा असतो. सिंहासनाच्या दालनात पाठमोरा बसलेला असतो एरिक. जाळलेल्या बागेचा, पुरलेल्या वादाचा धनी. तिच्याशी तो पुन्हा वाद घालतो, आणि या वेळी तिला मुखवटा चढवून सुटता येत नाही.

त्याच चित्रपटाच्या शेवटी शुरी हैतीत नाकियाला भेटते. राजाच्या मृत्यूआधीपासून ती तिथे राहते आहे, शाळा चालवते आहे. समुद्रकाठी ती एका मुलाला पुढे करते, टी’चालाच्या मुलाला. हैती म्हणजे तो देश, जिथे १७९१मध्ये गुलामांनी मळे पेटवले, फ्रेंच, ब्रिटिश, स्पॅनिश फौजांशी लढले आणि १ जानेवारी १८०४ रोजी आपलं स्वातंत्र्य जाहीर केलं. त्यांच्या मदतीला कुठलंही वाकांडा आलं नव्हतं. त्यांचा सेनापती तूसाँ लूव्हर्त्यूर गुलाम म्हणून जन्मला होता आणि स्वातंत्र्याच्या काही महिने आधी फ्रान्सच्या थंडगार किल्ल्यात कैदी म्हणून मेला.

शुरी त्या मुलाला नाव विचारते. तो सांगतो, तूसाँ.